स्टीरिओ ग्राहकयंत्राचे ध्वनिदोष व त्यांचा शोध

गाणे चालू असता एका बाजूचा आवाज एकाएकी नाहीसा होतो. किंवा दोन्ही बाजू चालू असूनही गाण्यामागे एकसुरी घुमारा ऐकू येऊ लागतो. किंवा आवाज वाढविण्याचे बटण फिरविताना पत्र्यावर वाळू पडावी तशी खरखर होते. घरातील स्टीरिओ यंत्राशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ह्यांपैकी एखादा अनुभव आलेला असतोच. अशा वेळी काही जण तत्काळ पेचकस घेऊन यंत्राचे झाकण उघडतात आणि आत काय पाहावयाचे हे ठाऊक नसल्याने जे हालेल ते हालवून पाहतात. दुसरे काही जण यंत्र जुने झाले असे म्हणून ते माळ्यावर टाकतात. शाळांतून व ग्रंथालयांतून असे जे संच धूळ खात पडलेले दिसतात ते सर्वच खरोखर निकामी झालेले असतात असे नाही.

दोष कोठे आहे हे शोधून काढणे आणि तो दुरुस्त करणे ही दोन भिन्न कामे आहेत. दुसऱ्या कामास कौशल्य, हत्यारे व सुटे भाग लागतात. पहिल्या कामास मात्र दोन कान, थोडा धीर आणि यंत्रातून ध्वनीचा प्रवास कसा होतो ह्याची कल्पना एवढे बहुधा पुरते. आणि झाकण न उघडताही ते बरेच दूरवर नेता येते. प्रस्तुत पुस्तिकेत ह्या पहिल्या कामाचाच विचार केला आहे.

एका पेटीतील दोन यंत्रे

ज्यास बाजारात स्टीरिओ रिसीव्हर म्हणतात त्या ग्राहकयंत्रात रेडिओचा भाग, उगम निवडण्याचे बटण आणि विवर्धक ही तिन्ही एकाच पेटीत बसविलेली असतात. ध्वनीचा उगम रेडिओ असो, तबकडी असो, टेप असो अथवा दूरचित्रवाणी संच असो, त्याच्याकडून येणारा विद्युत् संदेश प्रथम निवडीच्या बटणापाशी येतो. तेथून तो पूर्वविवर्धकात, मग आवाज, समतोल व स्वरपोत ह्यांच्या बटणांतून शक्तिविवर्धकात, आणि शेवटी रिले नावाच्या संरक्षक कळीतून ध्वनिक्षेपकाकडे, म्हणजे बोलीत ज्यास आपण स्पीकर म्हणतो त्याकडे जातो. आरंभी हा संदेश फारच दुर्बल असतो. तबकडीवर फिरणाऱ्या चुंबकीय सुईपासून सुमारे ५ मिलिव्होल्ट एवढाच विद्युत् दाब मिळतो. सीडी वाजविणाऱ्या यंत्रापासून तो २ व्होल्टपर्यंत, म्हणजे चारशेपट मिळू शकतो. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

आता स्टीरिओ ह्या शब्दाकडे वळू. आपल्या दोन कानांना एकच ध्वनी किंचित निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या जोराने ऐकू येतो आणि त्यावरून तो कोठून आला हे मन ताडते. ह्या तत्त्वाचा उपयोग करून दोन स्वतंत्र मार्गांनी ध्वनी नोंदविण्याची व पुन्हा ऐकविण्याची पद्धती ॲलन ब्लमलाइन ह्या ब्रिटिश अभियंत्याने मांडली व १९३१ च्या डिसेंबरात तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन ध्वनी कोरण्याची कल्पनाही त्यात होती. अशा तबकड्या सामान्य ग्राहकाच्या हाती पडू लागण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

दोन मार्ग असल्यामुळे ग्राहकयंत्रात जवळजवळ प्रत्येक मंडल दोनदा असते. एक डाव्या बाजूसाठी, एक उजव्या बाजूसाठी. श्रोत्याला ह्यामुळे संगीताची खोली लाभते. दोष शोधणाऱ्याला ह्याहूनही मोठा लाभ होतो. एक बाजू बिघडली तर तिच्याशी ताडून पाहावयास अगदी तशीच, त्याच वयाची, त्याच कारखान्यात घडलेली दुसरी बाजू शेजारीच हजर असते. वैद्याला रोग्याच्या बरोबर त्याचा निरोगी जुळा भाऊही तपासावयास मिळावा, तसे हे आहे. एका ध्वनिक्षेपकाच्या जुन्या रेडिओत ही सोय नसे.

ह्यावरून पहिले अनुमान निघते. दोष दोन्ही बाजूंस सारखाच असेल तर जे भाग दोन्ही बाजूंना समाईक आहेत त्यांत तो शोधावा : वीजपुरवठा, निवडीचे बटण, ध्वनीचा उगम. दोष एकाच बाजूस असेल तर समाईक भाग बहुधा निर्दोष आहेत असे धरून चालावे. एकाच वेळी दोन्ही जुळ्या मंडलांतील तोच भाग निकामी व्हावा हे अशक्य नाही, पण विरळ आहे.

दोन्ही बाजू मुक्या असतील तर

यंत्राचा दिवाच लागत नसेल तर प्रश्न ध्वनीचा नसून विजेचा आहे. भिंतीवरील खटका, प्लग आणि यंत्राचा फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज एकदा घालून पाहण्यास हरकत नाही. तोही तत्काळ जळाला तर आत काहीतरी बिघडले आहे हे निश्चित. तेथे जाड तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

परदेशाहून आणलेल्या संचाविषयी येथेच सांगितले पाहिजे. आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा आहे. अमेरिकेत तो १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झचा, तर जपानात १०० व्होल्टचा असतो. मागील पट्टीवरचा आकडा न वाचता असा संच आपल्या भिंतीत खुपसला तर तो क्षणभरात जळू शकतो. त्यास दाब उतरविणारे रोहित्र लावणे अवश्य आहे. रोहित्र दाब बदलते. कंप्रता बदलत नाही. म्हणून अमेरिकन बनावटीच्या तबकडीयंत्रात विजेच्या कंप्रतेशी जखडलेली मोटर असेल तर ते आपल्याकडे सहापैकी पाच पट वेगानेच फिरते आणि गाणे हार्मोनियमच्या सुमारे तीन पट्ट्या खाली उतरते. अशा यंत्रात दोष काहीच नसतो.

दिवा लागतो, पण दोन्ही बाजूंतून काहीच ऐकू येत नाही, अशा वेळी यंत्राच्या दर्शनी भागावरील प्रत्येक बटण एकदा शांतपणे पाहावे. सर्वांत फसवे बटण म्हणजे ‘टेप मॉनिटर’. ते दाबले असता यंत्र निवडलेल्या उगमाकडे कान बंद करते व टेपयंत्राकडून येणाऱ्या ध्वनीची वाट पाहू लागते. टेपयंत्र जोडलेलेच नसेल तर संपूर्ण शांतता पसरते. एका वाचनालयात तीन वर्षे मुका म्हणून झाकून ठेवलेला संच हे एक बटण वर करताच बोलू लागलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. धूळ पुसताना ते कोणाच्या तरी हातून दाबले गेले असावे. ध्वनिक्षेपकांच्या ‘अ’ व ‘ब’ जोड्या निवडणारे बटण, आवाज पूर्ण बंद करणारे बटण व हेडफोनची खाच ह्यांचीही हीच कथा. हेडफोन खोचलेला असेल तर पुष्कळ यंत्रांत ध्वनिक्षेपक आपोआप तुटतात. काही जुन्या यंत्रांच्या पाठीवर पूर्वविवर्धक व शक्तिविवर्धक ह्यांना जोडणारे यू आकाराचे दोन धातूचे तुकडे असतात. ते निसटले तरी तोच परिणाम होतो.

अलीकडच्या यंत्रांत एक नवीन कारण आढळते. दूरचित्रवाणी संचाचा ध्वनी प्रकाशतंतूच्या वायरीने ग्राहकयंत्रात आणला असता तो अंकरूपात येतो. तो डॉल्बी डिजिटल ह्या बहुमार्गी संकेतलिपीत येत असेल तर साध्या दुमार्गी यंत्रास ती लिपी वाचता येत नाही व ते गप्प बसते. दूरचित्रवाणी संचाच्या ध्वनिविषयक मांडणीत ‘पीसीएम’ हा पर्याय निवडला म्हणजे काम होते.

एकच बाजू मुकी असेल तर

येथे जुळ्या भावाचा उपयोग होतो. तत्त्व असे की साखळीतील एका ठिकाणी डावी व उजवी बाजू अदलाबदल करावी आणि शांतता जागा बदलते की जागेवरच राहते हे पाहावे. मात्र समतोलाचे बटण मध्यावर आहे ना, हे त्यापूर्वी पाहावे. ते एका टोकास गेलेले असले की एक बाजू मुकी भासते, आणि ह्या साध्या कारणापायी यंत्र दुरुस्तीस गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

समजा, डाव्या हाताचा ध्वनिक्षेपक मुका आहे. यंत्र बंद करून प्लग काढावा. यंत्राच्या पाठीवर डाव्या ध्वनिक्षेपकाची वायर उजव्या जागी व उजव्याची डाव्या जागी जोडावी. पुन्हा यंत्र चालू केल्यावर डाव्या हाताचाच ध्वनिक्षेपक मुका राहिला, तर यंत्राची चांगली बाजूही त्याला बोलते करू शकली नाही असा अर्थ होतो. दोष ध्वनिक्षेपकात किंवा त्याच्या वायरीत आहे. उलट डावा बोलू लागला व उजवा मुका झाला, तर दोन्ही ध्वनिक्षेपक निर्दोष ठरले. दोष यंत्रात किंवा त्याच्याही अलीकडे, उगमात आहे.

आता वायरी पूर्ववत कराव्यात आणि दुसरी अदलाबदल उगमाकडून येणाऱ्या तांबड्या व पांढऱ्या प्लगांची करावी. शांतता सरकून उजवीकडे गेली तर दोष उगमात किंवा त्याच्या जोडवायरीत. जागीच राहिली तर तो ग्राहकयंत्रात. दोनच अदलाबदलींनी संपूर्ण साखळीचे तीन भाग पडले व त्यांतील दोन निर्दोष ठरले. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा नियम मात्र कटाक्षाने पाळावा. दोन ठिकाणी एकदम अदलाबदल केली असता उत्तरातून काहीच निष्पन्न होत नाही, आणि घाईत नेमके हेच घडते.

वर सांगितलेल्या पहिल्या अदलाबदलीत एक धोका आहे. शक्तिविवर्धकातील ट्रान्झिस्टर जळाला असता काही वेळा ध्वनीऐवजी सतत एकाच दिशेने वाहणारा प्रवाह ध्वनिक्षेपकात जाऊ लागतो. त्यामुळे पडदा एका बाजूस ताणलेला राहतो व आतील बारीक तारेचे वेटोळे जळते. आता डावा ध्वनिक्षेपक ह्याच कारणाने मेलेला असेल आणि आपण चांगला ध्वनिक्षेपक त्याच जागी जोडला, तर तोही त्याच वाटेने जातो. प्रस्तुत लेखकाने हे ज्ञान एक उत्तम ध्वनिक्षेपक गमावून मिळविले आहे. पुष्कळ यंत्रांत ह्या संकटासाठीच रिले बसविलेला असतो. यंत्र चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच. हा आवाज येईनासा झाला व दोन्ही बाजू मुक्या राहिल्या, तर रिले आतील बिघाडापासून ध्वनिक्षेपकांचे रक्षण करीत आहे असे समजावे व यंत्र बंद करावे. जुन्या किंवा स्वस्त यंत्रांत रिले नसतोही.

म्हणून अदलाबदलीपूर्वी दोन परीक्षा केल्यास बरे. साधा मल्टीमीटर मिळत असेल तर ध्वनिक्षेपक सोडवून, आवाज पूर्ण कमी करून, त्या बाजूच्या दोन टोकांतील एकदिश विद्युत् दाब मोजावा. निरोगी यंत्रात तो सामान्यतः ५० मिलिव्होल्टच्या आत असतो. काही व्होल्ट भरला तर तेथे दुसरा ध्वनिक्षेपक जोडू नये. मल्टीमीटर नसल्यास मुक्या ध्वनिक्षेपकाचीच परीक्षा करावी. त्याची वायर यंत्रापासून सोडवून तिची दोन टोके विजेरीच्या दीड व्होल्टच्या घटाला क्षणभर टेकवावीत. ध्वनिक्षेपक जिवंत असेल तर खरखर ऐकू येते व मोठा पडदा हलतो. तो जिवंत निघाला म्हणजे यंत्राकडे संशयाने पाहावे. मेलेला निघाला तर यंत्राने त्याला मारले की तो आपल्या मरणाने मेला, हे मल्टीमीटरशिवाय सांगता येत नाही, तेथे थांबावे.

वायरी जोडताना एकही सुटा तंतू शेजारच्या टोकाला शिवता कामा नये. केसाएवढ्या तंतूने झालेला जोड शक्तिविवर्धकाचे ट्रान्झिस्टर जाळण्यास पुरेसा असतो.

खरखर

आवाजाच्या बटणामागे कार्बनचा एक अर्धवर्तुळाकार पट्टा असतो व त्यावरून धातूची जीभ घासत जाते. पावसाळ्यातील दमट हवा, समुद्रकाठचा क्षार, स्वयंपाकघरातील तेलकट धूर आणि धूळ ह्यांचा थर ह्या पट्ट्यावर बसतो. जीभ थरावरून जाताना संपर्क क्षणोक्षणी तुटतो आणि खरखर ऐकू येते. बटण फिरवितानाच खरखर होत असेल तर हेच कारण समजावे. यंत्र बंद करून ते बटण दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरविल्यास पुष्कळदा थर घासून निघतो. एवढ्याने भागले नाही तर विद्युत् संपर्क स्वच्छ करण्यासाठीच बनविलेला फवारा कारागिराकडून मारून घ्यावा. शिवणयंत्राचे तेल किंवा रॉकेल घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने चार दिवस बरे वाटते. पुढे तेलाने धूळ धरून ठेवली म्हणजे पूर्वीपेक्षा दुप्पट खरखर होते.

रिलेच्या संपर्कबिंदूंवरही असाच काळा थर येतो, पण त्याचे लक्षण निराळे. हळू आवाजात एक बाजू क्षीण किंवा मुकी असते. आवाज मोठा केला की ती एकदम उघडते व नंतर आवाज कमी केला तरी काही काळ ठीक चालते. मोठ्या प्रवाहाने थर भेदला जातो, हे त्याचे कारण. हे लक्षण ज्यास ओळखता आले त्याने कारागिराचा निदान एक तास वाचविला.

घुमारा

सर्व ध्वनिदोषांत घुमारा हा अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्याची मुळे दोन. एक यंत्राच्या आत, दुसरे बाहेर.

घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदात ५० आवर्तने करतो. ग्राहकयंत्राच्या मंडलांना मात्र एकाच दिशेचा स्थिर प्रवाह हवा असतो. म्हणून एकदिशकारक त्या प्रवाहाच्या दोन्ही अर्धलाटा एकाच बाजूस वळवितो. परिणामी सेकंदाला १०० उंचवटे असलेला प्रवाह मिळतो. हे उंचवटे सपाट करण्याचे काम मोठी धारित्रे करतात. घरावरच्या टाकीत पंपाचे पाणी धक्क्याधक्क्याने आले तरी नळाला ते एकसारखे येते, तसेच हे. ह्या धारित्रांत एक विद्युत्वाही द्रव असतो. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाळत जातो व टाकीची धारणा कमी होते. मग १०० हर्ट्‌झचे धक्के ध्वनीत उतरतात. बाहेरून वीजवायरींच्या द्वारे शिरणारा घुमारा मुख्यतः ५० हर्ट्‌झचा, म्हणजे ह्याच्या बरोबर एक सप्तक खालचा असतो. ज्याचा कान तयार आहे त्याला हा भेद ओळखता येईल. परंतु त्यात इतर स्वरांशही मिसळलेले असल्याने केवळ कानावर विसंबू नये.

त्याहून खात्रीची परीक्षा आवाजाच्या बटणाने होते. बटण शून्यावर आणले तरी घुमारा तेवढाच राहिला, तर तो त्या बटणाच्या पुढे, म्हणजे शक्तिविवर्धकात किंवा वीजपुरवठ्याच्या धारित्रांत उत्पन्न होत आहे. बटणाबरोबर तो कमीजास्त होत असेल तर त्याचे मूळ बटणाच्या अलीकडे आहे. मग निवडीचे बटण फिरवावे. तबकडीवरच घुमारा असून रेडिओवर नसेल, तर तबकडीयंत्राची भूसंपर्काची बारीक वायर सुटलेली आहे का ते पाहावे. तिच्या ५ मिलिव्होल्टच्या संदेशास इतरांहून कितीतरी पट अधिक विवर्धन मिळत असल्याने तेथे थोडीशी बाधाही मोठी होऊन ऐकू येते.

बाहेरच्या घुमाऱ्याचे एक कारण मोठे चमत्कारिक आहे. समजा, ग्राहकयंत्राला एक संगणक जोडला आहे व त्याचा तीन पिनांचा प्लग घरातील भूसंपर्कास लागलेला आहे. त्याच ग्राहकयंत्राला दूरचित्रवाणी संचही जोडला असून त्याच्यात गच्चीवरून केबलची वायर येते, आणि तिचे बाह्य कवच अन्यत्र कोठे तरी जमिनीस जोडलेले आहे. जमीन दोन्ही ठिकाणी एकच असली तरी त्या दोन बिंदूंचा विद्युत् दाब अगदी एक नसतो. ह्या किंचित फरकामुळे एका भूसंपर्कातून दुसऱ्याकडे जाणारा प्रवाह ध्वनीच्या वायरींच्या कवचातून वाहू लागतो, व तोच घुमारा होऊन ऐकू येतो. म्हणजे प्रत्येक यंत्र निर्दोष, प्रत्येक वायर निर्दोष, आणि दोष फक्त त्यांनी मिळून केलेल्या वेढ्यात! परीक्षा सोपी आहे. केबलची वायर दूरचित्रवाणी संचातून उपसताच घुमारा थांबला तर वेढा सापडला. सर्व यंत्रांचे प्लग एकाच पट्टीवर लावल्याने वेढा लहान होतो. तेवढ्याने न भागल्यास केबलच्या मार्गात विलगीकरण करणारे छोटे रोहित्र बसवावे.

अशा वेळी प्लगची मोठी, भूसंपर्काची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तिने घुमारा खरोखर थांबतो, आणि म्हणूनच तो सल्ला घातक आहे. यंत्राच्या आत एखादी जिवंत तार धातूच्या पेटीला टेकली, तर प्रवाहाला जमिनीत जाण्याची वाट ह्या पिनेतूनच असते. ती वाट काढून घेतल्यावर पेटीला हात लावणाऱ्या माणसाचे शरीर हीच दुसरी वाट उरते.

धारित्रांविषयी आणखी थोडे. त्यांच्या आयुष्याचा स्थूल ठोकताळा असा आहे की तपमान १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य निम्मे होते. ग्राहकयंत्राच्या माथ्यावरील जाळी उष्ण हवा बाहेर जाण्यासाठी असते. आपल्या घरांतून तीवर क्रोशाचे विणलेले आच्छादन, त्यावर फुलदाणी आणि शेजारी देवाची तसबीर असा थाट आढळतो. यंत्राचा असा सन्मान न केल्यास ते अधिक जगेल. माथ्यावर वीतभर जागा मोकळी असावी.

पोकळ आणि फाटका ध्वनी

दोन्ही ध्वनिक्षेपक वाजत आहेत, परंतु तबल्याचा डग्गा हरवला आहे व गायकाचा आवाज समोरून न येता कोठून तरी चहूकडून येतो, असे वाटल्यास एका ध्वनिक्षेपकाच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत असे जवळजवळ निश्चित समजावे. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोन्हींमधील हवा एकीकडून दुसरीकडे सरकते व मंद्र स्वर परस्परांना खाऊन टाकतात. एकाच बाजूच्या दोन वायरी उलटवून डग्गा परत येतो का ते पाहावे. वर सांगितलेल्या घटानेही हे कळते : घटाचे धन टोक तांबड्या खुणेला टेकविले असता दोन्ही पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत.

ध्वनी फाटत असेल तर तो हळू आवाजातही फाटतो की मोठ्या आवाजातच, हे आधी ठरवावे. हळू आवाजातही एकाच बाजूस घर्र होत असेल तर पडद्याच्या कडेची फेसाची कड तुकडे होऊन गळाली असण्याचा संभव आहे. उष्ण व दमट हवेत ती विशेष लवकर झिजते. मूळ ध्वनिक्षेपक चांगला असल्यास नवी कड बसवून घेता येते. मोठ्या आवाजातच फाटत असेल तर यंत्राकडून त्याच्या शक्तीबाहेर काम घेतले जात आहे. विवर्धकाला आपल्या पुरवठ्यापेक्षा अधिक दाब देता येत नाही. लाटांचे माथे तेथे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत तार स्वरांशांचे प्रमाण वाढते व त्यांचा भार सर्वांत नाजूक अशा छोट्या ध्वनिक्षेपकावर पडून तो जळतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात दिवाणखान्यासाठी बनविलेले यंत्र पूर्ण आवाजात लावले जाते, त्या दिवशी नेमके हेच होते. शिवाय ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकांच्या दोन जोड्या समांतर लावल्या की यंत्रास ४ ओहमचा भार दिसतो व प्रवाह दुप्पट होतो. ४ ओहमच्या दोन जोड्यांनी तो भार २ ओहमवर येतो. यंत्राच्या पाठीवर किमान किती ओहम चालतात हे छापलेले असते.

रेडिओवरील सूं असा आवाज

स्टीरिओ रेडिओ लावला असता मागे ‘सूं’ असा सतत आवाज येतो, आणि ‘मोनो’चे बटण दाबताच तो बराचसा विरतो. ह्याचे कारण प्रक्षेपणाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत १९६१ साली मान्य झालेल्या व पुढे जगभर रूढ झालेल्या पद्धतीनुसार डाव्या-उजव्या ध्वनींची बेरीज मुख्य संदेश म्हणून पाठविली जाते, म्हणजे जुन्या एकमार्गी रेडिओलाही कार्यक्रम ऐकता येतो. दोहोंची वजाबाकी ३८ किलोहर्ट्‌झच्या आसपास बसवून पाठवितात, आणि ती उलगडण्यासाठी १९ किलोहर्ट्‌झचा एक मार्गदर्शक स्वर बरोबर देतात. ह्या प्रकारच्या प्रक्षेपणात कंप्रता वाढेल तसा अंगभूत रव वाढत जातो. म्हणून वरच्या मजल्यावर बसविलेली वजाबाकी आपल्याबरोबर पुष्कळ रव घेऊन खाली उतरते. तोटा सुमारे २० डेसिबेलचा असतो. प्रक्षेपण केंद्र जवळ असेल तर तो जाणवत नाही. दूर असेल तर यंत्र उघडण्यापेक्षा आकाशक सुधारावा, अथवा ‘मोनो’वर समाधान मानावे.

जपानी बाजारासाठी बनविलेल्या जुन्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ एवढाच असतो. आपली बहुतेक केंद्रे त्याच्या वर आहेत. अशा यंत्राचा रेडिओ बिघडला अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. मध्यम लहरींवरील खरखर मात्र पुष्कळदा एखाद्या एलईडी दिव्यातून किंवा फोनच्या चार्जरमधून येते. घरातील अशा वस्तू एकेक बंद करीत गेल्यास ती सापडते.

झाकणाच्या अलीकडे

येथवर झाकण उघडण्याचा प्रसंग आला नाही, आणि वाचकांनी तो आणूही नये. प्लग काढल्यानंतरही मोठ्या धारित्रांत वीज साठून राहते. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत तिचा दाब काही दशक व्होल्ट असतो, तर जुन्या निर्वात नलिकांच्या यंत्रांत तो ३००-४०० व्होल्ट, म्हणजे प्राणघातक असू शकतो. यंत्र अर्ध्या तासाने तापल्यावरच मुके होत असेल, जळका वास येत असेल किंवा रिले जोडला जात नसेल, तर ते कारागिराकडे द्यावे.

मात्र देताना केवळ ‘आवाज येत नाही’ असे सांगू नये. कारागीर एवढ्यावरून सर्व यंत्र तपासतो व त्या वेळेचे मोल आपणास द्यावे लागते. केलेल्या परीक्षा व त्यांची उत्तरे एका कागदावर लिहून तो यंत्राला चिकटवावा. उदाहरणार्थ : ‘डावी बाजू हळू आवाजात बंद, मोठ्या आवाजात उघडते. रेडिओ व तबकडी दोन्हींवर सारखेच. ध्वनिक्षेपक अदलाबदल केले असता दोष दुसऱ्या ध्वनिक्षेपकाकडे सरकतो. उगमाचे प्लग अदलाबदल केले असता सरकत नाही. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू ठीक. एकदिश दाब दोन्हीकडे २० मिलिव्होल्टच्या आत. घुमारा नाही.’ इतके वाचल्यावर कारागीर प्रथम रिलेकडे हात नेईल.